हिरजीचा घोडा एकटाच आला

लिलाबाईचा आवाज अगदी लहान होता. समोर बसलेल्या बाईलाही थोडं पुढे झुकावं लागे. मी उभा जन्म आवाजावर पोट भरलेला माणूस. फिरत्या नाटक मंडळीत राजे केले, राक्षस केले, मिसरूड फुटायच्या आधी राण्याही केल्या. मैदानाच्या टोकाला बैलगाडीवर बसलेल्या माणसापर्यंत शब्द पोहोचला पाहिजे, हे आमचं शिक्षण. तरी सांगतो, या बाईपुढे लोक जसे श्वास धरून बसत, तसे माझ्यापुढे कधी बसले नाहीत.

मंडळी बंद पडली आणि मी जळगावात पिंप्राळ्याला एक खोली घेऊन राहिलो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. रविवारी सकाळी लोक चपला बाहेर काढून, उदबत्ती लावून टीव्हीसमोर बसत. आमच्या गल्लीत टीव्ही एकच, किराणा दुकानवाल्या मोहनबाईंचा. पण उन्हाळा लागला की त्यांच्या बैठकीपेक्षा गच्चीला जास्त गर्दी व्हायची. गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, होत, आणि बिबड्यांबरोबर लिलाबाईची कथा.

लिलाबाईचं माहेर धुळ्याकडचं. वडील बांगड्या विकत गावोगाव पायी हिंडायचे आणि आई नसलेली ही पोर त्यांच्याबरोबर चालायची. ती थकून बसू नये म्हणून ते तिला एका राज्याची गोष्ट सांगत. गाव आलं की गोष्ट थांबे, गाव सुटलं की पुढे सरके. वडील गेले, बांगड्यांची पेटी गेली, राज्य तेवढं तिच्याकडे राहिलं. पुढे ती जळगावला नांदायला आली. नवरा नथ्थू एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, तोही लवकर गेला. मग ती घरोघर पापड, कुरडया, बिबड्या करून द्यायची. हात दुसऱ्याच्या घरात राबायचे आणि मन त्या राज्यात.

राज्याचं नाव सोनखडी. ते सातपुड्याच्या पलीकडे. तिथली नदी डोंगर चढते. तिथली झाडं दिवेलागणीला आपापल्या जागा बदलतात, म्हणून कालच्या वाटेने आज कोणी घरी जाऊ शकत नाही. तिथली राणी केवडावती. तिची सावली धुपाऱ्या नावाच्या राक्षसाने चोरून नेली आहे, आणि सावली नसलेल्या माणसाला तिथे दारात उभं राहता येत नाही, म्हणून राणी महालाच्या आतच असते. ती सावली शोधायला हिरजी नावाचा स्वार निघाला. तो किती उन्हाळे चालला होता कोणास ठाऊक! मी राहायला आलो तेव्हा गल्लीतल्या नव्या सुनांना सासवा आधीची कथा सांगून तयार करत होत्या.

कथेला एकच नियम होता. बिबड्यांसाठी ज्वारी भिजवून, भरडून, लसूण-मिरची-तीळ घालून मोठ्या पातेल्यात शिजवतात. त्याला घाटा म्हणतात. घाटा गरम आहे तोवरच ओल्या हाताने तो धोतराच्या फडक्यावर थापायचा. गार झाला की संपलं. त्यामुळे पहाटेच बायका जमत, हात थांबवायला कोणाला सवड नसे, आणि घाटा गरम असे तोवर लिलाबाई सांगे. पातेलं खरवडल्याचा आवाज आला की तिचं तोंड बंद. हिरजी दरीवर लोंबकळत असो की राक्षसाच्या दाढेत असो, पातेलं रिकामं झालं म्हणजे झालं. पुढचं दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या घरच्या ज्वारीवर.

मोहनबाई एकदा म्हणाल्या, "लिलाबाई, मी तुला बसल्या जागी चहा देते, दोन वाक्यं सांग ना पुढची."

"रिकाम्या हातानी खोटं बोलनं येस मावशी," लिलाबाई म्हणाली. "हात कामात ऱ्हायना की तोंड सरळ चालस."

आणि प्रश्न! आमच्या नाटकात लोक टाळ्या वाजवून घरी जात. इथे बायका प्रश्न घेऊन घरी जात आणि सकाळी तेच घेऊन परत येत. त्यात पुढे असायच्या तलाठ्यांच्या प्रमिलाबाई. प्रत्येक गोष्टीची खातरजमा केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"लिलाबाई, ती सोनखडी खरी आहे का गं?"

"तुम्ही काशीले जायेल शेतस का?"

"नाही बाई."

"मंग काशी खरी शे ना?"

बायका हसल्या. प्रमिलाबाई हटल्या नाहीत. "बरं, हिरजी कुठल्या जातीचा?"

"तो घोडावर शे. खाले उतरना की इचारी लेसू."

"आणि तो धुपाऱ्या? तो वाईट का झाला?"

गच्ची बायकांची, म्हणून मी जिन्यात उभा राहून ऐकत असे. यावर मी कान टवकारले. राक्षस करून माझी हयात गेली होती. एकदा रावेरकडच्या एका गावात खेळ संपल्यावर एका म्हातारीने मला पाणी द्यायचं नाकारलं होतं, कारण तासाभरापूर्वी मी तिच्या डोळ्यांदेखत एक पोर पळवलं होतं. पण तो राक्षस असा का, हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

लिलाबाई थापता थापता म्हणाली, "त्याले जनमथीन सावली नव्हती. राणीनी सावली त्यानी अंगावर पांघरी लिधी. थंडी वाजत व्हती त्याले."

मी जिन्यातच बसलो. किती मुखवटे चढवले मी, किती गर्जना केल्या! आणि या बाईने घाट्याचा गोळा थापता थापता राक्षसाला थंडी वाजवली.

या सगळ्यांत एक बाई कधी प्रश्न विचारत नसे. पार्वताबाई. ती माझ्या शेजारच्या खोलीत राहायची आणि मोहनबाईंच्या दुकानात धान्य निवडायची. तिचा नवरा भिकन धुळ्याच्या एका ट्रान्सपोर्टवर ट्रक चालवायचा. आग्रा रोडने गेला आणि आलाच नाही. बऱ्याच महिन्यांनी ट्रान्सपोर्टच्या माणसाने त्याची पत्र्याची पेटी आणून दिली. पेटी उघडली तेव्हा मीही तिथे होतो. शर्ट, लुंगी, टॉवेल, कंगवा, दाढीचा वस्तरा, सगळं घडी घालून नीट ठेवलेलं. बायका तोंडाला पदर लावून रडल्या. पार्वताबाई रडली नाही. तिने पेटीतल्या वस्तू एकेक करून बाहेर काढल्या, तळाला हात फिरवला, आणि सगळं पुन्हा तसंच आत ठेवलं.

तिचे सासरे झिपरू आबा जामनेर तालुक्यातले. पेटी आल्यापासून त्यांचा एकच आग्रह. भिकनचे विधी करून टाकू, गंधमुक्ती करू. सुतक संपलं की घरच्यांच्या कपाळाला पुन्हा गंध लागतं, रोजचे व्यवहार सुरू होतात, धाकट्याच्या लग्नाचं बोलता येतं. पण गंधमुक्ती करायची तर सुनेचं कुंकू पुसायला हवं. पार्वताबाई ना हो म्हणे, ना नाही म्हणे. कपाळावर कुंकू लावून ती रोज दुकानात जायची. आणि बिबड्यांच्या दिवसांत गच्चीवर बसून हिरजी कुठपर्यंत पोहोचला ते ऐकायची. ती हिरजीला आपल्या नवऱ्याच्या जागी पाहते, हे गल्लीत सगळ्यांना कळत होतं. बोलत कोणी नव्हतं.

त्या उन्हाळ्यातला शेवटचा घाटा मोहनबाईंच्याच गच्चीवर होता. हिरजी धुक्याच्या दरीत उतरला होता. महालाच्या सज्जात दासी वाट पाहत होत्या. दुपार झाली, सांज झाली, आणि दरीतून घोड्याच्या टापा ऐकू आल्या. घोडा आला. एकटाच. खोगिरावर हिरजीचं पागोटं.

आणि पातेल्याच्या बुडाला चाटू खरर्‌कन लागला.

कोणी हललं नाही. उद्या नव्हतं ना! उन्हाळा संपला होता, पुढची ज्वारी पुढच्या वर्षी. आणि पागोटं एकटं घरी येणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. एक म्हातारी उठली, "गया रे बाप्पा हिरजी!" म्हणाली, आणि खाली जाऊन नळाखाली डोक्यावरून पाणी घेतलं. तिच्यामागे दुसरी. मग सगळ्याच. मरणाची वार्ता कळल्यावर अंघोळ करायची रीत. कोणाची वार्ता, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. प्रमिलाबाई, खातरजमेच्या प्रमिलाबाई, त्यांनीसुद्धा डोक्यावरून तांब्या ओतला. मग ओल्या केसांनी सगळ्या पार्वताबाईच्या ओट्यावर जाऊन गप्प बसल्या. तिच्याच का? हिरजीचं दुसरं कोण होतं या गल्लीत?

मी खिडकीतून पाहत होतो. जन्मभर मी खोटं मरण मेलो आणि प्रेक्षकांनी रुमाल ओले केले. सुतक माझं कोणी पाळलं नव्हतं.

पण नेमका त्याच वेळी जामनेरकडचा एक नातलग, मिरची विकायला जळगावच्या बाजारात आलेला, पार्वताबाईला निरोप द्यायला गल्लीत शिरला. ओट्यावर ओल्या केसांच्या बाया, मधे पार्वताबाई. अशा दारात कोण गेलं म्हणून विचारत नाहीत. माणूस मागच्या पावली वळतो आणि भाऊबंदांना कळवतो. त्याने तेच केलं. रीतीप्रमाणे वागला, बिचाऱ्याचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी जामनेरच्या एसटीतून झिपरू आबा आणि त्यांचे भाऊबंद दारावर आले. कोपऱ्यापासूनच त्यांनी हंबरडा फोडला. "भिकन रे! माह्या वाघा!" गल्ली दारात आली. लिलाबाई हातातलं सूप टाकून धावली. कोणी कोणाला काय सांगायचं? शेवटी मीच पुढे झालो. आबांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणालो, "आबा, भिकनची काही खबर नाही. त्या बाया एका गोष्टीतल्या माणसासाठी न्हाल्या."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की नाटकात मला तशी नजर कधी साधली नाही.

"गोष्टीतला मानूस? त्याच्यासाठी न्हाल्या? आन मी माह्या पोराच्या नावानं गावभर रडत आलो?"

भाऊबंदांपैकी एकजण म्हणाला, "आता आलोच हाओत तर उरकून घ्या आबा. रडून झालं, आता मागं कुठी घ्यायचं?"

आबांनी सुनेकडे पाहिलं. त्यांचा राग विझला होता आणि फक्त थकवा उरला होता. "पारू, तो गेल्यापासून मी दाराची कडी लावली नाही. म्हातारी कडी उघडी पाहत पाहत गेली. मले एकदा कडी लावू दे माय."

पार्वताबाई पहिल्यांदा बोलली. "आबा, हिरजीचं काय झालं ते लिलामावशी सांगतील. तो मेला असेल तर मी आत्ता कुंकू पुसते."

सगळी गल्ली लिलाबाईकडे वळली. इतकी वर्षं तिने राज्यं उभी केली, नद्या डोंगरावर चढवल्या. आज तिच्या एका शब्दावर खऱ्या बाईचं खरं कुंकू होतं.

"ज्वारी भिजवा," ती हळूच म्हणाली. "रिकाम्या हातानी मी नही सांगाव."

ज्वारी भिजायला, आंबायला वेळ लागतो. भाऊबंद कुरकुरत परत गेले. झिपरू आबा राहिले, माझ्याकडेच. पहिल्या दिवशी ते गोष्टीचं नाव काढू देत नव्हते, पण गल्लीत दुसरं बोलणं नव्हतं, कानावर पडत राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून पान लावता लावता मला म्हणाले, "नाना, तो घोडा एकलाच कसा आला? झाडं जागा बदलतात म्हन्ता ना? मंग त्याले वाट सापडली कशी?"

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. हा प्रश्न कोणालाच सुचला नव्हता.

"तुम्ही नाटकात मरत होते," आबा पुढे म्हणाले, "तव्हा लोकं खरं रडत?"

"आबा, माझी आई विंगेत माझा चहा घेऊन उभी असायची. मी आत येणार हे तिला ठाऊक. कप हातात धरून तीसुद्धा रडायची."

आबांनी पान तोंडात घातलं.

ज्वारी तयार झाली. मोहनबाईंनी आपली गच्ची पुन्हा झाडून दिली. पुरुष कधी त्या गच्चीवर गेले नव्हते, पण त्या पहाटे पाण्याच्या टाकीला टेकून झिपरू आबा बसले आणि त्यांच्या शेजारी मी. घाट्याची वाफ वर चढत होती. बायकांनी ओल्या हातांनी थापायला सुरुवात केली. पार्वताबाई लिलाबाईच्या समोर.

लिलाबाई सांगू लागली. घोडा महालाच्या दारात उभा आहे. खोगिरावर पागोटं. राणी आतून पाहते आहे, सावलीवाचून तिला उंबरा ओलांडता येत नाही. हिरजी दरीत उतरला, एक ओढा पार केला, दुसरा पार केला, मग धुकं...

ती थांबली. हात चालू, तोंड थांबलेलं. असं कधी झालं नव्हतं.

"मंग?" हे आबा होते.

"माले दिसत नही," लिलाबाई म्हणाली.

प्रमिलाबाई म्हणाल्या, "अगं, रचतेस तूच आणि तुला दिसत नाही?"

"मी रचत नही वं. मी त्यान्या मागे मागे चालस. मना बाप पुढे चाले ना, तशीच. आज तो धुकामा गया आन मी मागे ऱ्हायनू." तिचे डोळे भरले होते. मग तिने मान वर करून समोर पाहिलं. "पारू, तुले दिसी ऱ्हायनं. तू सांग."

घाटा गार व्हायला लागला होता. कोणीतरी पातेल्यावर ताट झाकलं. पार्वताबाईने एक बिबडी पूर्ण थापली, कडा गोल केल्या. मग ती बोलली, आणि तिचाही आवाज लिलाबाईसारखाच लहान होता.

"पागोटं त्याने स्वतःच उतरवलं. खोगिरावर नीट ठेवलं, पडू नये म्हणून त्याचं टोक खोचलं. घोड्याचं तोंड घराकडे फिरवलं आणि पाठीवर थाप दिली. घोड्याला वाट सापडली, कारण धन्याने त्याला लावून दिलं. तो पायी पुढे गेला. पुढे एक गाव होतं. विहिरीवर कोणीतरी पाणी पाजलं. तो तिथे राहिला."

"सावली?" मोहनबाईंनी विचारलं.

"त्याला तिथे सावली मिळाली. पण ती राणीची नव्हती."

झिपरू आबा टाकीपासून पुढे सरकले. "तुले कोनी सांगितलं हे?"

पार्वताबाईने हात पुसले नाहीत. ओले हात तसेच मांडीवर ठेवून तिने सासऱ्याकडे सरळ पाहिलं.

"पेटीत सगळं होतं, आबा. शर्टाच्या बाह्या आत दुमडलेल्या होत्या. त्याला तशी घडी घालायला मीच शिकवलं होतं. वस्तरा जुना होता, बोथट झालेला, म्हणून तो ठेवला. पण दाढीचा आरसा नव्हता. मी तळापर्यंत हात घालून पाहिलं. मेलेल्या माणसाला दाढी करायची नसते."

मी पेटीजवळ उभा होतो त्या दिवशी. मी सगळं पाहिलं होतं आणि काहीच पाहिलं नव्हतं.

"तवापासून ठाऊक होतं तुले?"

"ठाऊक होतं. सांगता येत नव्हतं. मेला म्हटलं तर खोटं. सोडून गेला म्हटलं तर तुमची मान खाली. हिरजी गेला तेव्हा वाटलं, त्याच्याबद्दल बोलता येईल."

आबांनी आपल्या पोराला आठवड्याभरात दोनदा गमावलं होतं. एकदा मरणाने, आणि आता जगण्याने. यातलं जड कोणतं, हे मला आजही सांगता यायचं नाही. त्यांच्या तोंडावर जे येऊन गेलं ते रंगमंचावर करायला सांगितलं असतं, तर मी हात जोडले असते.

मग त्यांनी टाकीला पुन्हा पाठ टेकली.

"तो घोडा," ते म्हणाले, "कव्हाचा दारात उभा हाये. एवढा चालत आला. त्याले कोनी पानी दाखोलं का?"

पार्वताबाईच्या तोंडून हुंदका फुटला. पेटी आल्या दिवशी न आलेला, पागोटं आल्या दिवशी न आलेला. मोहनबाईंनी तिला जवळ घेतलं. लिलाबाईने पातेल्यावरचं ताट काढलं. तळाला थोडा घाटा शिल्लक होता, अजून कोमट. तिने हात पाण्यात बुडवला.

"घोडाले पानी दाखाडं," ती सांगू लागली. "राणी केवडावती आतून पाही ऱ्हायनी. घोडा पानी पी ऱ्हायना. आन राणीनी इचार कया, सावली नही तर नही. आपन उंबरा वलांडी पाहू. दिवसना उजेड शे, कोनी काय करी?"

"ओलांडला?" प्रमिलाबाई.

"वलांडा. आन घोडावर बसनी."

"कुठे निघाली?"

खरर्‌कन पातेल्याचा आवाज झाला. सगळ्या गच्चीने एकदम उसासा टाकला. झिपरू आबा मांडीवर हात आपटून म्हणाले, "अशी कशी थांबते ही बाई!"

"नियम शे आबा," लिलाबाई म्हणाली आणि फडकी उन्हात ओढू लागली.

दुपारच्या एसटीने आबा जामनेरला गेले. गंधमुक्तीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. निघताना पार्वताबाईने त्यांच्या पिशवीत मागच्या घाट्याच्या वाळलेल्या बिबड्या घातल्या आणि वाकून नमस्कार केला. आबांनी तिच्या कपाळाकडे पाहिलं. "राहू दे," एवढंच म्हणाले.

मी लिलाबाईला नंतर कधीतरी विचारलं, की पागोटं खोगिरावर ठेवताना तुझ्या मनात ती पेटी होती का? ती कुरडयांचा चीक ढवळत होती.

"नाना, घाटा सरना तठे कथा थांबनी. मी काय करू?"

पुढच्या उन्हाळ्यात गल्लीत पहिली ज्वारी भिजली, तेव्हा मोहनबाईंनी जामनेरला निरोप धाडला. झिपरू आबा पहाटेच्या पहिल्या गाडीने आले आणि गच्चीवर टाकीला टेकून बसले, राणी कुठपर्यंत पोहोचली ते ऐकायला.